तिसरं पातं

आयटीआयला वीजतंत्री ट्रेड घेतला तेव्हा वाटलं होतं, पहिल्याच दिवशी हातात टेस्टर येईल. आली कानस. सुरुवातीचे कित्येक दिवस लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणायचा, बस. मग तारा जोडायचे जॉइंट: मॅरीड, ब्रिटानिया, टी. निदेशक सर जॉइंटची दोन्ही टोकं धरून हिसका द्यायचे. वेढे सरकले की कापा आणि पुन्हा करा. माझा ब्रिटानिया पाचव्यांदा टिकला. दोन वर्षांत जिन्याचं वायरिंग, पंख्याचं रिवाइंडिंग, मोटरचं स्टार-डेल्टा कनेक्शन, इन्सुलेशन तपासायचा मेगर, सगळं हाताखालून गेलं.

पास झालो आणि १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली वर्षभर एका वीज उपविभागात अप्रेंटिस लागलो. पोर्टलवर नोंदणी, करार वगैरे झालं; पण बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, म्हणून विद्यावेतन दोन महिने अडकलं. डबा घरचा होता म्हणून निभावलं.

खरं शिकलो ते तिथल्या लाईनमनकडून. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. पावसाळ्यात एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवर, डीओचा (उडाला की खाली लटकतो तो) फ्यूज उडाला होता. तात्यांनी एबी स्विचचा, म्हणजे तिन्ही फेजची पाती एकदम उघडणाऱ्या खांबावरच्या स्विचचा, दांडा खाली ओढला, कुलूप घातलं. मी लगेच खांबाला हात घालणार, तेवढ्यात त्यांनी मागून माझी कॉलर धरली.

"वर बघ. पाती किती उघडली?"

"तीन."

"मोज."

दोनच उघडली होती. तिसरं पातं जागेवरच अडकून बसलं होतं, म्हणजे एका फेजवर अकरा हजार व्होल्ट तसेच. तात्यांनी सबस्टेशनला फोन लावून फीडरच, म्हणजे तिथून येणारी अख्खी लाईनच, बंद करायला लावला, तिन्ही फेजना डिस्चार्ज रॉड लावून अर्थ केलं आणि मगच मला वर सोडलं. दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. मला शिव्या परवडल्या असत्या.

वर्ष संपल्यावर अखिल भारतीय ट्रेड टेस्ट देऊन शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलं. झालो इलेक्ट्रिशियन, असं वाटलं. मग चुलतभावाच्या घराचं वायरिंग केलं. मेगर लावून तपासलं, १ मेगाओहमच्या कितीतरी वर रीडिंग आलं, म्हणजे इन्सुलेशन चांगलं. पण नवीन मीटरच्या अर्जासोबतच्या टेस्ट रिपोर्टवर सही लागते परवानाधारक ठेकेदाराची. वायरिंगचं काम नियमाने परवानाधारक ठेकेदारामार्फत, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमननेच करायचं असतं. माझ्याकडे प्रमाणपत्रं दोन आणि परवाना एकही नाही! ओळखीच्या ठेकेदाराने आधी मला झापलं, मग सगळं वायरिंग स्वतः उघडून पाहिलं आणि मगच सही केली. बरोबरच केलं त्याने.

वायरमनच्या परवान्यासाठी लायसन्सिंग बोर्डाकडे अर्ज करायचा होता. कागद जुळवायला बसलो तर शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'दत्तात्रय' आणि आयटीआयच्या गुणपत्रिकेवर 'दत्तात्रेय'. एका मात्रेपायी तीन महिने गेले. शाळा म्हणे आयटीआयला सांगा, आयटीआय म्हणे दाखला दुरुस्त करून आणा. हे मी प्रवेशाच्या दिवशीच बघायला हवं होतं. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनी तेवढं तरी करा.

परवाना आला. आता ठेकेदाराकडे कामाला आहे आणि पर्यवेक्षकाच्या परीक्षेची तयारी चालू आहे. अर्जातली सगळी नावं दोनदा वाचून झालीत. पाती मोजतो तशी.