प्लास्टिकचा चिमटा आधी मिठाच्या पाण्यात टाकून बघा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या चिमट्यांवर ते कुठल्या प्लास्टिकचे आहेत हे बहुधा छापलेलं नसतं. पण चिमटा कुठल्या कामाला टिकेल हे त्यावरच ठरतं.

चिमटा साध्या पाण्यात बुडवा, चिकटलेले बुडबुडे झटका आणि सोडून द्या. तरंगला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन. बुडला तर अर्धा लिटर पाण्यात 100 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून त्यात टाका. आता तरंगला तर एबीएस किंवा पॉलिस्टायरीन, तरीही बुडला तर नायलॉन किंवा अ‍ॅसिटल. काचेचे तंतू मिसळलेला माल मात्र जड होतो आणि या परीक्षेत चकवतो.

फेरिक क्लोराइडमध्ये (तांबं खाऊन सर्किट कोरणाऱ्या द्रावणात) पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी, हलवायला पॉलिप्रॉपिलीनच घ्या. तिथे स्टील खाल्लं जातं. एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं आणि सुपरग्लू त्याला घट्ट धरतो, म्हणून मॉडेल चिकटवताना एबीएसचा चिमटा नको. अ‍ॅसिटलला सुपरग्लू सहसा धरत नाही आणि त्याची स्प्रिंगही छान असते. तीव्र आम्लात मात्र ते टिकत नाही.

घड्याळाचा किंवा रिमोटचा बटण सेल बसवायला प्लास्टिकच्या चिमट्यासारखं दुसरं काही नाही. स्टीलच्या चिमट्याने सीआर2032 दोन्ही तोंडांवर पकडला की सेल शॉर्ट होतो. बोटांनी धरला तर आपल्याकडच्या दमट हवेत घामाचं मीठ पृष्ठभागावर राहतं आणि संपर्क बिघडतो. लहान चुंबकं उचलायलाही हाच बरा, कारण ती त्याला चिकटत नाहीत.

आता टोकं. चिमटा उजेडासमोर धरून हळूच मिटा. टोकं आधी टेकली पाहिजेत. जोर दिल्यावर ती पुन्हा फाकत असतील तर बारीक स्क्रू टुणकन उडणारच. साच्याच्या जोडावरची कड आधी ब्लेडने काढा. मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी टोकांमध्ये धरून हलक्या दाबाने ओढा, उलटी करून दुसरी बाजू घासा, शेवटी 1000 नंबर. जास्त घासू नका, टोक पातळ झालं की वाकतं. 0603 आकाराचा (साधारण दीड मिलिमीटर लांब) रेझिस्टर तेवढ्यावर नीट उचलता येतो. त्याहून लहान 0402 साठी स्टीलचाच लागतो.

सोल्डरिंगजवळ हा चिमटा नेऊ नका. 63/37 (कथील-शिशाचं) सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळतं, सोल्डरिंग आयर्नचं बिट त्याहून कितीतरी गरम असतं आणि एबीएस शंभरच्या आसपासच मऊ पडतं.

काळा रंग म्हणजे स्टॅटिकपासून (स्थिर विजेपासून) संरक्षण, असं धरून चालू नका. मल्टिमीटर रोध मोजायच्या 20 मेगाओहम रेंजवर ठेवून दोन्ही प्रोब चिमट्याच्या एकाच पात्यावर दाबा. आकडा आला तर प्लास्टिकमध्ये कार्बन मिसळलेला आहे. नाही आला तर तो साधाच समजा. पावसाळ्यात स्टॅटिकचा त्रास कमी जाणवतो, पण एसीच्या कोरड्या खोलीत मॉसफेटला (स्टॅटिकने सहज बिघडणाऱ्या ट्रान्झिस्टरला) असा साधा चिमटा लावू नका.