सात गोल आणि एक जीभ

दुसरीचा वर्ग आहे माझा, एकतीस पोरं. त्या आठवड्यात विषय होता 'माझं कुटुंब'. बारा वर्षं शिकवतेय, त्यामुळे हा विषय म्हणजे मला हातचा मळ वाटायचा. आदल्या रात्री नेटवरून फॅमिली ट्रीचं एक गोंडस वर्कशीट डाउनलोड केलं. झाडाच्या बुंध्यात एक गोल 'मी', त्याच्या वर आईबाबांचे दोन, त्याच्याही वर आजीआजोबांचे चार. झाले सात गोल. प्रिंट काढल्या आणि निवांत झोपले.

सकाळी वॉर्म-अप म्हणून जिभेचा खेळ घेतला. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा वर वळवायच्या आणि नळी करायची. निम्म्याहून जास्त पोरांना जमलं, वर्गात नुसता थुंकीचा आणि खिदळण्याचा धुमाकूळ, आणि त्यातच मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं की ज्यांना जमतंय ना, त्यांना ते आईकडून नाहीतर बाबांकडून मिळालंय. मलाही लहानपणी असंच सांगितलं होतं, मी तेच पुढे ढकललं.

आता माझ्या वर्गात जुळे भाऊ आहेत. हुबेहूब सारखे, मी अजूनही एकाच्या हनुवटीवरच्या व्रणावरून ओळखते. व्रणवाल्याची नळी झकास झाली. दुसऱ्याने तीनचारदा करून बघितलं, बोटांनी कडा दाबल्या, बोटं काढली की जीभ परत सपाट. मग त्याने तोंड मिटलं आणि अगदी हळू विचारलं, "टीचर, मग मी आईचा नाहीये का?" आणि रडायलाच लागला. तो रडतोय म्हणून व्रणवालाही रडायला लागला.

मी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली आणि घाईघाईत वर्कशीटं वाटली, म्हटलं पोरं रंगवण्यात रमतील. कसलं काय! पहिल्याच मिनिटाला जुळ्यांचा प्रश्न, "आम्ही दोघं एकाच गोलात बसायचं का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या झाडावर भावाबहिणींना जागाच नाहीये. एकाला दोन बाबा लिहायचे होते, आधीचे आणि आत्ताचे. एकाने 'मी' आणि 'आजी' एवढे दोन गोल भरून सगळ्यात आधी "झालं!" म्हणून हात वर केला, आणि शेजारचा त्याला म्हणाला, "अरे पाच राहिले की तुझे." त्याचा हात खाली आला.

आणि एक मुलगी माझ्या टेबलाजवळ आली. कानाशी येऊन म्हणाली, "टीचर, आईच्या गोलात जिच्या पोटात मी होते तिला लिहू, की घरातल्या आईला?" मला हे माहीतच नव्हतं. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं तरी की नाही, हे सगळं तिचं आणि तिच्या घरच्यांचं, आणि माझ्या एका प्रिंटआउटने ते भर वर्गात तिच्याकडून काढून घ्यायची वेळ आणली होती. मी म्हटलं, "तुला हवं ते लिही." किती पुचाट उत्तर! ती जरा वेळ उभी राहिली, मग जागेवर जाऊन तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढायला लागली.

मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मोबाइलवर जिभेचं प्रकरण शोधलं. जीभ वळवणं आनुवंशिक आहे असं स्टर्टेव्हंट नावाच्या मोठ्या जनुकशास्त्रज्ञाने १९४० मध्ये लिहिलं होतं. पण १९५२ मध्ये मॅटलॉकने एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तर त्यातल्या ७ जोड्यांमध्ये एकाला जमत होतं आणि दुसऱ्याला नाही! म्हणजे एकाच जनुकाचा हा साधा हिशोब नव्हेच. पुढे १९६५ मध्ये स्टर्टेव्हंटने स्वतःच लिहिलं की हे अजून पुस्तकांत सिद्ध गोष्ट म्हणून छापतात याची आपल्याला लाज वाटते. आणि मी मात्र अजून ते सातसात वर्षांच्या पोरांना शिकवतेय.

सुट्टीनंतर सगळ्यांना सरळ सांगितलं, सकाळी टीचर चुकली, जिभेवरून कोण कुणाचं हे कळत नाही. या वयात 'टीचर चुकली' म्हणजे सणच असतो, दोन मिनिटं नुसत्या टाळ्या. मग म्हटलं कागद उलटा करा, आणि तुम्हाला कुणी काय शिकवलं किंवा कुणाची कुठली सवय तुम्हाला लागली तेवढंच काढा. माणूस कुठलंही चालेल.

मग खरी मजा आली. दोन गोलवाल्याने आजी काढली, ती सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटते आणि हाही गृहपाठ करताना मिटतो, करून पण दाखवलं. दोन बाबावाल्याला एकाने पोहायला शिकवलं होतं आणि दुसऱ्याने बुटाची नाडी बांधायला. एकीला घरात तीन भाषांतून ओरडा बसतो, तिने तिन्ही भाषांतला 'गप्प बस' लिहून आणला, आणि पुढचा तासभर वर्ग त्याच भाषांत एकमेकांना गप्प करत होता. त्या मुलीने आई काढली होती. चष्मा ओढणीच्या टोकाने पुसणारी आई, आणि बाजूला फ्रॉकच्या टोकाने चष्मा पुसणारी ती. आई कुठली हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी सुपरवायझर मॅडमचं म्हणणं पडलं की बोर्डवर झाडंच लावा, एकसारखी दिसतात, पालकसभा आहे. मी हो हो म्हणाले आणि कागद उलटे लावले, झाडं भिंतीकडे. थोडी बोलणी खाल्ली, चालायचंच.

जुळ्यांच्या आईला फोन करून माफी मागितली, ती आधी गप्प झाली आणि मग इतकी हसली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांच्या घरात म्हणे जीभ कुणाचीच वळत नाही, फक्त व्रणवाल्याची. आणखी एक वाचलेलं तिला सांगितलं, की १९५१ मध्ये जपानमधल्या शाळकरी मुलांची पाहणी झाली होती, त्यात सहासात वर्षांच्या ५४ टक्के मुलांना जमत होतं आणि बारा वर्षांच्या ७६ टक्क्यांना, म्हणजे पुढे कधी जमूही शकेल.

हे तिने घरी सांगितलं असणार, कारण सोमवारपासून तो मागच्या बाकावर बसून रोज प्रॅक्टिस करतोय आणि व्रणवाला त्याचा कोच झालाय. काल गणिताच्या तासाला फळ्यावरून मागे वळले तर अख्खा वर्ग जिभा बाहेर काढून बसलेला.