गागारिनच्या रॉकेटला खाली एवढी तोंडं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शाळांमध्ये अवकाशाविषयी बोलायला गेलो की पहिला अंतराळवीर युरी गागारिनच्या रॉकेटचा बुडाकडून घेतलेला फोटो मी दाखवतोच. बहुतेक वेळा मुलांच्या आधी शिक्षकच विचारतात, "अहो, एवढी तोंडं कशाला?"

तोंडं म्हणजे इंजिनाचा जाळ बाहेर फेकणारे नळे; मोजलीत तर ३२ भरतील. मधला खांब आणि त्याला बिलगलेली चार जोड-रॉकेटं (बूस्टर), प्रत्येकाचं एक, अशी पाच इंजिनं. प्रत्येकाची चार मोठी तोंडं, म्हणजे २०. उरलेली १२ छोटी, दिशा सांभाळणारी.

खरं कारण एका अडचणीत दडलंय. हे रॉकेट मुळात हायड्रोजन बॉम्ब वाहून नेण्यासाठी बनलं. सोव्हिएत बॉम्ब अवजड, म्हणून रॉकेटही दांडगं हवं होतं. पण केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन मोठ्या ज्वलनकक्षात जाळलं की आतला दाब थरथरू लागे आणि कक्षच फुटे. सोव्हिएत इंजिन-रचनाकार वालेंतिन ग्लुश्को यांच्या माणसांनी मग मोठ्या कक्षाचा नाद सोडला. एकाच पंपावर चार लहान कक्ष चालवले, प्रत्येकाचं तोंड वेगळं. शिवाय उड्डाणाच्या मध्येच इंजिन पेटेल याची खात्री नव्हती, म्हणून पाचही इंजिनं जमिनीवरच पेटवायची. तीही कशी? प्रत्येक कक्षात लाकडी काठीवर बसवलेली ज्वालाग्राही कांडी सरकवून! हे सांगताना मला अजूनही भरून येतं.

तरी थरथर पूर्ण गेली नव्हती. २८ जुलै १९६० रोजी उड्डाणानंतर काही सेकंदांतच एक बूस्टर निकामी झाला आणि आतल्या चायका आणि लिसिच्का या दोन कुत्र्या मेल्या. त्याला नऊ महिनेही उलटले नव्हते, तेव्हा १२ एप्रिल १९६१ ला गागारिन त्याच घडणीच्या रॉकेटवर बसले. त्यांच्या धैर्याबद्दल सगळे बोलतात. मी मुलांना त्या दोघींची नावंही सांगतो, फळ्यावर लिहून.

अमेरिकेचं रेडस्टोन रॉकेट त्यामानाने लहान. ५ मे १९६१ ला त्याने अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्डना वर नेलं, पण पृथ्वीभोवती फिरवण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती; ते पंधरा मिनिटांत समुद्रात उतरले.

सोव्हिएत रॉकेटची घडण मात्र टिकली. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा बायकोनूरच्या सोव्हिएत उड्डाणतळावरून निघाले, तेव्हा त्यांचं सोयूझ रॉकेट याच घराण्यातलं होतं. खाली तीच ३२ तोंडं.