चौथ्या दिवसाची लघवी

बाटलीतली लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ताप, कावीळ, लघवीतून रक्त? लघवी तपासायची पट्टी बुडवली. रक्ताचा चौकोन मिनिटाच्या आत गडद हिरवा झाला. मग नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला आणि तळाचा गाळ मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर तांबड्या पेशी जवळपास नाहीतच. वरचं पाणी मात्र तसंच लालसर काळं. पट्टी म्हणते रक्त भरपूर, गाळ म्हणतो पेशी नाहीत, आणि फिरवूनही रंग खाली बसत नाही. असं तिहेरी चित्र दिसलं की मूत्रमार्गात जखम शोधायची नसते. पेशी बहुधा रक्तवाहिन्यांच्या आतच फुटलेल्या असतात आणि त्यांतलं सुटं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून गाळून बाहेर येत असतं.

रुग्ण विशीतला पावरा आदिवासी मुलगा, वजन ४८ किलो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा, केळी कापणीच्या टोळीत जाणारा. ऑक्टोबर होता. आठ दिवसांपूर्वीच त्याची मलेरियाची स्लाइड मी वाचली होती, जंतूचा प्रकार व्हायवॅक्स. फुगलेल्या पेशी, वेडंवाकडं पसरलेलं जंतूचं रूप, पेशीभर बारीक ठिपके. उपचार नेहमीचाच सुरू झाला होता: क्लोरोक्विनच्या १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या ४, ४ आणि २ अशा तीन दिवस, आणि त्यासोबत प्रायमाक्विन १५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसातच्या दोन गोळ्या रोज, १४ दिवस.

१४ दिवस कशासाठी, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारतं आणि ताप उतरतो. पण व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. त्यांच्यापर्यंत पोचणारी नेहमीच्या वापरातली गोळी एकच, प्रायमाक्विन. म्हणून आम्ही सगळे रुग्णाच्या डोक्यात एकच वाक्य ठोकून बसवतो: ताप गेला तरी गोळ्या सोडायच्या नाहीत.

या मुलाने सोडल्या नाहीत. चौथ्या दिवशी लघवी काळी झाली, पाचव्या दिवशी डोळे पिवळे. घरच्यांना वाटलं कावीळ भरली. ते त्याला काविळीचा पाला देणाऱ्याकडे घेऊन गेले. पाला सुरू झाला आणि सरकारी गोळ्याही सुरूच राहिल्या. सहा दिवसांत ९० मिलिग्रॅम प्रायमाक्विन पोटात गेलं. स्लाइड काढली त्या दिवशी हिमोग्लोबिन ११.४ होतं, बाटली टेबलावर आली त्या दिवशी ६.२. सांगितलं तसं वागणाऱ्या रुग्णालाच हे भोगावं लागलं, हे माझ्या मनातून जात नाही. चार दिवसांनी गोळ्या फेकून देणारे शंभर जण असतात, त्यांतला एखादा अशा वेळी नुसत्या निष्काळजीपणाने वाचून जातो.

आदिवासी रुग्ण आणि रक्त फुटलेलं, म्हटल्यावर आमच्या भागात सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द सिकलसेल, तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. बरोबरही आहे, भिल्ल-पावरा समाजात तो आहेच. त्यासाठीची सोल्युबिलिटी तपासणी केली. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर ही तपासणी फसते, म्हणून रक्त दुप्पट घेतलं. निगेटिव्ह. मलेरियाची स्लाइड पुन्हा पाहिली, किटही लावलं, कारण फाल्सीपॅरम या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियातही लघवी काळी होऊ शकते. जंतू नाहीत. मग पातळ स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरावर, वेळ घालवला. पेशींच्या कडेचा तुकडा तोडून नेल्यासारखा दिसत होता, कळण्याच्या भाकरीला एकच घास घ्यावा तसा अर्धगोल. अशा पेशी एका फील्डमध्ये चार-पाच.

पुढची पायरी अनेक लॅबमध्ये कुणी करत नाही, आणि ती तर वीस रुपयांचीही नाही. मिथाइल व्हायोलेट अर्धा टक्का, सलाइनमध्ये विरघळवून गाळलेलं. त्याचे दोन थेंब, रक्ताचे दोन थेंब, दहा मिनिटं थांबायचं, मग ओली स्लाइड काढून मायक्रोस्कोपच्या ऑइल लेन्सखाली बघायची. पेशीच्या आतल्या कडेला चिकटलेले जांभळे ठिपके स्पष्ट दिसले. या हाइन्झ बॉडी. मलेरियाच्या नेहमीच्या रंगात त्या दिसतच नाहीत, त्यामुळे जे.एस.बी. या त्या नेहमीच्या रंगाने रंगवलेली स्लाइड कितीही वेळ पाहिली तरी उपयोग नसतो. ठिपका म्हणजे जळून गोळा झालेलं हिमोग्लोबिन. प्लीहा तो ठिपका कुरतडून काढते, आणि उरते ती घास घेतलेली पेशी.

का जळतं, तर तांबड्या पेशीला मायटोकॉन्ड्रिया नसतात. ऑक्सिडेशनपासून वाचण्यासाठी तिच्याकडे एकच वाट असते, आणि त्या वाटेच्या तोंडाशी जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम बसलेलं असतं. ते कमी असलं तरी माणूस एरवी धडधाकट असतो, उन्हात राबतो, केळीचे घड उचलतो. प्रायमाक्विनसारखं औषध आलं की मगच उणीव उघडी पडते. आधी वयस्कर पेशी फुटतात, कारण एन्झाइम पेशीच्या वयाबरोबर झिजत जातं. अमेरिकेत कार्सन, अॅल्व्हिंग आणि सहकाऱ्यांनी ही उणीव १९५६ मध्ये दाखवून दिली, तीही प्रायमाक्विनच्याच पाठीमागे लागून. भारतातल्या आदिवासी समाजांत या दोषाचा जो प्रकार सर्वाधिक सापडतो त्याला ओरिसा हे नाव आहे. दुसऱ्या एका प्रकाराच्या नावात आपलं कल्याण आहे.

गोळी त्याच दिवशी बंद झाली. मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे सलाइन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनवर लक्ष आणि एक पिशवी रक्त. लघवी तीन दिवसांत साफ झाली. इथवर सगळं नीट झालं.

आठवडाभराने तो परत आला तेव्हा हातात एका लॅबचा कागद होता: जी-सिक्स-पीडी, नॉर्मल.

हा कागद मी अजूनही विसरू शकलेलो नाही. तपासणी करणाऱ्याने चूक केली असं नाही. त्याच्या नळीत जे रक्त आलं त्यात एन्झाइम खरोखरच होतं. पण ते रक्त कुणाचं? म्हाताऱ्या, एन्झाइम संपलेल्या पेशी फुटून गेल्या होत्या. उरल्या होत्या कोवळ्या पेशी, ज्यांच्यात एन्झाइम जास्त असतं. त्यातच रक्तदात्याची एक पिशवी मिसळलेली. मी ब्रिलियंट क्रेसिल ब्लूने रेटिक काउंट, म्हणजे कोवळ्या पेशींची मोजणी केली, शंभरात ११. असा आकडा असताना "नॉर्मल" या शब्दाला काही अर्थ राहत नाही. पण तो शब्द छापील असतो, त्यावर शिक्का असतो, आणि पुढचा डॉक्टर तो वाचून उरलेल्या आठ दिवसांच्या गोळ्या पूर्ण करायला सांगू शकतो. मी पेनाने कागदावरच लिहिलं: रेटिक ११ टक्के, रक्त चढवलेले, ३ महिन्यांनी पुन्हा तपासावे, तोवर प्रायमाक्विन नको. दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर आपण लिहू नये असा शिरस्ता आहे. मला तो इथे पटला नाही. नमुना रक्त चढवण्याआधी राखून ठेवला असता तर निदान त्या पिशवीचा घोळ तरी टळला असता, आणि हे मोठ्या रुग्णालयांना कळत नाही असं नाही. घाईत कुणी राखत नाही, एवढंच.

त्याच दिवशी त्याच्या आईला विचारलं, "मावशी, तुमच्या माहेरी कुणाला असं झालं होतं का?" ती लगेच म्हणाली, "याच्या मामाले तापाच्या गोळ्या सोसत नाहीत, भाऊ. तिकडं गुजरातला ऊसतोडीला असताना त्याचंपण मूत काळं झालं होतं." घराला माहीत होतं. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे मुलाला तो आईकडूनच मिळतो. अशा वेळी चौकशी मामाची करायची असते. आपल्या केसपेपरवर वडिलांचं नाव असतं, वय, जात, गाव सगळं असतं. मामाबद्दल विचारायला जागा नाही.

जानेवारीत त्याला पुन्हा ताप आला. स्लाइडवर पुन्हा व्हायवॅक्स, यकृतातला जागा झाला असणार. क्लोरोक्विन दिलं, त्याने या मुलाला धोका नव्हता. रक्त चढवून तीन महिने उलटले होते, रेटिक १ टक्का. आता तपासणीला अर्थ होता. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन मिलिलिटर रक्त, लसीच्या डब्यात, मधे कापडाची घडी घालून, म्हणजे नळी बर्फाला थेट टेकणार नाही. हे एन्झाइम उष्णतेने मरतं. नळी दुपारभर एसटीच्या बॉनेटवर तापत गेली तर धडधाकट माणूसही "कमतरता" म्हणून परत येतो. "नॉर्मल" कागद देणाऱ्या त्या लॅबवाल्याला फोन केला आणि आपण समोर बसून करू म्हटलं. त्यानेही मनापासून करू दिलं.

फ्लुरोसंट स्पॉट टेस्ट, म्हणजे एन्झाइम असेल तर थेंब दिव्याखाली चमकतो. १० मायक्रोलिटर रक्त, १०० मायक्रोलिटर रिएजंट, आणि शून्य, पाच, दहा मिनिटांनी एकेक थेंब व्हॉटमन एक नंबरच्या कागदावर. सोबत एक खात्रीचा नॉर्मल आणि एक खात्रीचा कमतरतेचा नमुना, कारण त्यांच्याशिवाय हा कागद वाचायचाच नसतो. कागद पूर्ण वाळवला. अंधाऱ्या खोलीत लांब लहरींचा अतिनील दिवा लावला. नॉर्मलचा थेंब दहाव्या मिनिटाला निळसर पांढरा चमकत होता. आमच्या मुलाचे तिन्ही थेंब काळे.

त्यानंतर डॉक्टरांनी त्याला आठवड्यातून एकदा, आठ आठवडे प्रायमाक्विन द्यायचं ठरवलं. किलोला ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे ३६ मिलिग्रॅम, गोळ्यांच्या हिशेबात जवळपास साडेसातच्या पाच. प्रत्येक डोसाआधी हिमोग्लोबिन, डोसानंतर तिसऱ्या दिवशी लघवी बघणं. दोन डोसांमध्ये आठवडा मिळतो, तेवढ्यात अस्थिमज्जा नव्या पेशी बनवून भरपाई करते. त्याचा आकडा ११.० वरून पहिल्या आठवड्यात १०.१ वर आला, मग तिथेच राहिला. आठही डोस झाले. प्रत्येक वेळी आशाताई त्याला घेऊन आल्या. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत चालत, पुढे काळी-पिवळीने. त्यांचा पाठपुरावा नसता तर या उपचाराला काही अर्थ नव्हता.

त्याच आशाताईंनी गोळ्या देताना एक वाक्य म्हणायला सुरुवात केली आहे, अहिराणीत, कारण बाजारहाटाची बोली तीच: "मूत कायं व्हयनं त गोया बंद." म्हणजे लघवी काळी झाली तर गोळ्या बंद. मार्गदर्शक सूचनांत हे कधीचं छापलेलं आहे: काळी लघवी, पिवळे डोळे, निळसर ओठ, पोटदुखी, उलट्या दिसल्या तर थांबा. छापलेलं पाड्यावर कोण वाचणार? १४ दिवसांचं पाकीट पहिल्या दिवशी हातात देऊन मोकळं होणं मला चुकीचंच वाटतं. पाचव्या दिवसापर्यंत कुणीतरी एकदा तरी लघवीचा रंग विचारायलाच हवा.

मुलाला एक कार्ड करून दिलं आहे. त्यावर प्रायमाक्विनसोबत डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, मिथिलीन ब्लू आणि कपाटातल्या डांबर गोळ्या लिहिल्या आहेत. डॅप्सोन ठळक, कारण कुष्ठरोगाच्या पाकिटात ते असतं आणि तो रोग आमच्याकडे संपलेला नाही.

मार्चमध्ये आई धाकट्या दोघांना घेऊन आली. मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी. मुलाचा थेंब लख्ख चमकला. मुलीचा चमकला, पण मंद, नॉर्मलच्या शेजारी ठेवला तरच कळेल इतका. मुलींमध्ये दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांतला एकच जागा असतो, त्यामुळे रक्तात चांगल्या आणि उण्या पेशींची सरमिसळ असते. स्पॉट टेस्ट अशा मुलींना बहुतेक वेळा नॉर्मल म्हणून सोडून देते, आणि उद्या हिला मलेरिया झाला तर १४ दिवसांचं पाकीट हिच्याही हातात पडेल.

रिपोर्टच्या छापील कागदावर चौकोन दोनच आहेत, नॉर्मल आणि कमतरता. मी दोन्ही मोकळे ठेवले. खाली लिहिलं: मंद, एन्झाइमचं मोजमाप आवश्यक, भाऊ बाधित. मोजमाप करणारं यंत्र आमच्या तालुक्यात नाही. नमुना थंड राखून शहरात पाठवायचा आहे, आणि उन्हाळा लागला आहे.