शेनझेनमध्ये पत्ता मिळवताना

चीनमध्ये नोकरीसाठी आलेला परदेशी माणूस हॉटेलात उतरला तर त्याची नोंद हॉटेलवालेच परस्पर पोलिसांकडे करतात. भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर मात्र चोवीस तासांच्या आत स्वतः पोलिसांकडे पत्ता नोंदवावा लागतो आणि पुढचे जवळपास सगळे व्यवहार या नोंदीच्या चिठ्ठीवर अवलंबून असतात. २०१८ साली शेनझेनमधील एका कंपनीत सर्किट डिझाइनची नोकरी स्वीकारताना हा नियम मी वाचलेला होता. घर पाहताना भाडे, अंतर आणि उजेड यांच्याआधी, या नोंदीसाठी, घरमालकाकडे मालकीचा कागद आहे का, हे विचारावे लागेल याची कल्पना मात्र तिथे पोहोचल्यावरच आली.

मुंबईतील तयारीविषयी फार लिहीत नाही. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाचा, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी चिनी वकिलातीचा शिक्का घ्यायचा, पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला मिळवायचा आणि हे सगळे कंपनीला पाठवून वाट पाहायची, एवढेच ते काम होते. त्यावर कंपनीने वर्क परमिटचे पूर्वसूचनापत्र मिळवले आणि त्या पत्रावर नोकरीसाठीचा झेड व्हिसा मिळाला. २०१७ पासून परदेशी कर्मचाऱ्यांची ए, बी आणि सी अशी वर्गवारी केली जाते. माझ्यासारखे पदवी आणि थोडाफार अनुभव असलेले बहुतेक जण बी वर्गात बसतात. खरी घाई चीनमध्ये उतरल्यावर सुरू होते, कारण प्रवेशानंतरच्या तीस दिवसांत वैद्यकीय तपासणी आणि वर्क परमिटचे कार्ड ही कामे आटोपून निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जाला पोलिसांकडील पत्त्याची नोंद जोडावीच लागते.

आमचे कार्यालय नानशान भागात, मेट्रोच्या लाइन १ वरील गाओशिनयुआन स्थानकाजवळ होते. या परिसरात मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्या आहेत आणि भाडीही तशीच आहेत. एका शयनगृहाच्या साध्या फ्लॅटला दलाल पाच-साडेपाच हजार युआन सांगत असे. तेव्हा एक युआन साधारण दहा रुपयांना पडत होता. शेनझेनच्या रिवाजाप्रमाणे दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचे भाडे आगाऊ द्यायचे, शिवाय अर्ध्या महिन्याचे भाडे दलालाला, म्हणजे पहिला पगार हाती पडण्याआधी साडेतीन महिन्यांच्या भाड्याची सोय करायची. शांघायला मित्राने एका महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचे भाडे एकदम भरले होते, त्यामुळे त्याच्यापुढे तक्रार करण्याची सोय नव्हती.

कार्यालयातल्या तरुण सहकाऱ्यांपैकी बरेच जण एकच स्थानक पलीकडे, बायशिझोऊ या वस्तीत राहत. तिथे एक खोली, टीचभर स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर असे सगळे दोन हजार युआनच्या आत मिळत असे. मीही जाऊन दोन खोल्या पाहिल्या आणि एक पसंतही केली. परंतु मालकीच्या दाखल्याची प्रत मागताच दलालाने हसून मान हलवली. असा दाखला तिथे कोणाकडेच नव्हता.

त्याचे कारण या शहराच्या वाढीत आहे. १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झाले तेव्हा शेनझेनमध्ये एक लहान गाव आणि भोवती शेतीची खेडी होती. २०२० च्या जनगणनेत तिथे १ कोटी ७५ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. रस्ते, कारखाने आणि मनोरे उभारण्यासाठी सरकारने शेतजमिनी घेतल्या, पण गावठाणे बहुतांशी गावकऱ्यांकडेच राहिली. शेती गेलेल्या गावकऱ्यांनी आपापल्या घराच्या जागेवर सहा-सहा, आठ-आठ मजले चढवले आणि बाहेरच्या प्रांतांतून आलेल्या कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या. दोन इमारतींमध्ये इतके कमी अंतर असते की समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करता यावे, आणि लोक त्यांना हस्तांदोलनाच्या इमारतीच म्हणतात. जागा सामूहिक मालकीची आणि वरचे मजले परवानगीविना चढवलेले, त्यामुळे या घरांना बाजारात विकता येईल असा मालकीहक्काचा कागद मिळत नाही आणि बँकाही त्यांवर कर्ज देत नाहीत.

निवास परवान्याच्या अर्जाची मुदत संपत आली होती. म्हणून मी उत्तरेकडील लोंगहुआ भागात, लाइन ४ वरील एका गृहसंकुलात रीतसर कागद असलेला छोटा फ्लॅट घेतला. घरमालक स्वतः ठाण्यावर आला, त्याने दाखला आणि आपले ओळखपत्र दाखवले आणि अर्ध्या तासात माझ्या हाती चिठ्ठी पडली. पुढे पासपोर्ट प्रवेश-निर्गमन कार्यालयात जमा करून पावती घेतली, एका वर्षाच्या परवान्याचे ४०० युआन भरले आणि काही दिवसांनी परवाना चिकटवलेला पासपोर्ट परत मिळाला. सांगण्यासारखी अडचण त्यात एकही आली नाही.

अडचण होती ती रोजच्या प्रवासात. सकाळी लोंगहुआतील स्थानकाबाहेर गर्दी रोखण्यासाठी कठड्यांची नागमोडी रांग लावलेली असे. ती ओलांडून, पिशवी क्ष-किरण यंत्रातून काढून फलाटावर पोहोचेपर्यंत दोन-तीन गाड्या निघून जात. अधिवेशन केंद्राच्या स्थानकावर उतरून लाइन १ पकडायची आणि चगोंगमियाओ येईपर्यंत दाराजवळ उभे राहायचे, कारण चार मार्ग एकत्र येणाऱ्या त्या स्थानकावर निम्मा डबा उतरतो. घरापासून कार्यालयापर्यंत सव्वा तास लागत असे. मी डोंबिवलीची असल्याने गर्दीचे मला नवल नव्हते. नवल वाटले ते महिलांच्या डब्याचे. २०१७ च्या जूनपासून काही मार्गांवर पहिल्या आणि शेवटच्या डब्यावर ‘महिलांना प्राधान्य’ असे गुलाबी फलक लागले होते, पण ती केवळ विनंती असल्याने पुरुष निवांतपणे त्यात चढत आणि कोणी काही बोलत नसे. आमच्याकडच्या लेडीज डब्यात असा प्रकार अर्धे स्थानकही टिकला नसता.

सव्वा तास हा आकडा मुंबईकराला जड वाटू नये, पण तिथली कामाची वेळ त्याला जड करते. चिनी कामगार कायद्याप्रमाणे दिवसाला आठ आणि आठवड्याला सरासरी ४४ तासांची मर्यादा आहे. प्रत्यक्षात आमच्या क्षेत्रात सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजेच ‘९९६’, हीच रीत समजली जात होती. (त्याविरुद्ध प्रोग्रामरांनी २०१९ मध्ये ऑनलाइन मोहीम उघडली आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली, पण तो नंतरचा भाग.) आमच्याकडे शनिवार एक आड एक असे आणि दुपारी जेवणानंतर सगळे टेबलाखालून घडीची खाट काढून झोपत, तरीही रात्री साडेआठ-नऊच्या आधी उठणे कोणाला प्रशस्त वाटत नसे. घरी पोहोचून भात लावायचा तर साडेदहा वाजत. बायशिझोऊमधले सहकारी तोवर जेवून, कपडे धुऊन, खाली गल्लीत गप्पा मारत बसलेले असत.

वर्षाचा करार संपायला आला तेव्हा मी पुन्हा बायशिझोऊमध्ये चौकशी केली आणि नोंदणीचा मार्ग आधी शोधून काढला. तिथल्या प्रत्येक इमारतीच्या आणि खोलीच्या दारावर सांकेतिक क्रमांकाची छोटी पाटी असे. भाड्याच्या घरांची आणि बाहेरून आलेल्या लोकांची नोंद ठेवणारे स्थानिक कार्यालय त्या क्रमांकावरून कोणत्या खोलीत कोण राहतो हे पाही, अधूनमधून माणूस पाठवून पडताळूनही घेई. मालकीचा दाखला नसला तरी खोलीचा क्रमांक, भाडेकरार आणि मालकाचे ओळखपत्र यांवर ठाण्याने माझी नोंद करून घेतली. घरमालकीण बाई मात्र आधी तयार नव्हत्या. परदेशी व्यक्तीची नोंद झाली की भाड्यावरचा कर मागायला कोणीतरी येईल अशी त्यांना धास्ती होती. कर आलाच तर तो मी भरेन असे करारात लिहून दिल्यावर त्या ठाण्यावर आल्या. कर मागायला कोणी आले नाही. ज्या घराचे मालकीहक्क शासन मानत नाही, त्याच घरातील प्रत्येक भाडेकरू त्याच शासनाच्या वहीत व्यवस्थित मांडलेला आहे, याचे तिथे कोणालाच आश्चर्य वाटत नव्हते.

खोलीत दिवसा दिवा लावावा लागे आणि विजेचा दर मालकीण बाई आपल्या मर्जीने लावत. तरीही भाडे निम्म्याहून कमी झाले आणि भाड्याच्या सायकलवरून मी दहा-बारा मिनिटांत कार्यालयात पोहोचू लागले. पाच खेडी मिळून झालेल्या या वस्तीत दोन हजारांहून अधिक इमारती होत्या आणि तिथली लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास सांगितली जाई. जवळच्या तंत्रज्ञान उद्यानात संगणकापुढे बसणारे अभियंते, त्यांना जेवण पोहोचवणारी मुले आणि इमारती झाडणाऱ्या बाया या सगळ्यांना तिथले भाडे परवडत होते. अशा वस्त्या नसत्या तर शेनझेनमधील पगार आहेत त्या पातळीवर राहिले असते असे मला वाटत नाही.

परंतु पुनर्विकासाची योजना मंजूर झालेली होती. मी राहायला गेले त्याच वर्षी, २०१९ च्या उन्हाळ्यात, वस्तीच्या काही भागांतील भाडेकरूंना खोल्या सोडण्याच्या सूचना मिळाल्या, आणि पुढे आमची गल्लीही त्यात आली. नुकसानभरपाईची बोलणी मूळ गावकऱ्यांशी होत होती. भाडेकरूंच्या वाट्याला मुदत आली. हजारो माणसे एकाच वेळी खोली शोधू लागल्याने आसपासच्या खेड्यांतील भाडी लगेच वाढली. मी लाइन १ वरच पश्चिमेला शिशियांग येथे खोली घेतली. अनामतीतून वीज-पाण्याचे पैसे वजा करून मालकीण बाईंनी उरलेली रक्कम वीचॅटवर पाठवली आणि नवी नोंदणी जुन्याच रीतीने झाली. माझ्यासारख्या एकट्या आणि पगारदार बाईला या सगळ्याचा त्रास म्हणजे एक टेम्पो आणि एक रविवार.

समोरच्या खोलीतील हुनान प्रांतातून आलेल्या जोडप्याचे तसे नव्हते. त्यांचा हुकोऊ, म्हणजे कुटुंबाची शासकीय नोंद, गावाकडची होती. अशी बाहेरची नोंद असलेल्या मुलांना शेनझेनमधील सरकारी शाळेत जागा गुणांवर मिळते, आणि ते गुण आई-वडिलांचा विमा, नोंदलेले भाड्याचे घर आणि त्यात काढलेली वर्षे यांवरून ठरतात. मुलगी तिसरीत होती. शाळेजवळच राहायचे म्हणून त्यांनी जवळजवळ दुप्पट भाड्याची, पण आधीपेक्षा लहान खोली घेतली, खालचे नूडल्सचे दुकान बंद केले आणि नवरा शेजारच्या दोंगग्वान शहरात एका कारखान्याच्या वसतिगृहात राहायला गेला. तो दर रविवारी शेनझेनला येतो, असे त्याच्या बायकोने नंतर मला कळवले.