मंडईतले नाट्यगृह आणि नोकर म्हणून नोंदलेला नट

जोहान्सबर्ग दाखवणाऱ्या बसमधील वाटाड्याने न्यूटाउनमध्ये खिडकीबाहेर बोट दाखवून ‘हे मार्केट थिएटर’ एवढेच सांगितले आणि बस पुढे निघाली, तेव्हा मला मनापासून राग आला. ज्या वास्तूसाठी मी या शहरातला मुक्काम दोन रात्रींनी वाढवला होता, तिच्या वाट्याला सिग्नल सुटेपर्यंतचाच वेळ आला होता, आणि त्याच बसने सोन्याच्या खाणीच्या देखाव्यापाशी मात्र आम्हाला तासभर थांबवले. क्रुगरच्या जंगलातील तीन दिवस फार सुंदर गेले, पण त्यांच्याविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते या नाट्यगृहाशी नाव जोडलेल्या दक्षिण आफ्रिकी नटाविषयी, जॉन कानी यांच्याविषयी.

माझ्या भाच्याला कानी ठाऊक आहेत ते मार्व्हलच्या चित्रपटांतील वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा म्हातारा राजा टी’चाका म्हणून. 2016 च्या ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’मध्ये बापलेकाच्या भेटीत कानी आपल्या मातृभाषेत, म्हणजे इसिखोसात, बोलले. ती त्यांचीच सूचना होती, आणि पुढे ‘ब्लॅक पँथर’मध्ये साऱ्या वाकांडाची भाषा तीच झाली. 2019 च्या ‘द लायन किंग’मधील रफिकीचा आवाजही त्यांचाच. हे सगळे खरेच आहे, परंतु हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर जगभरच्या चित्रपटगृहांत पोहोचला. त्याआधीची चाळीस वर्षे कशी गेली, ते ठाऊक असल्याशिवाय त्या राजाच्या आवाजातले वजन कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अपार्थाइड म्युझियममध्ये, म्हणजे वर्णभेदाच्या राजवटीच्या संग्रहालयात, गेलो. तिथे तिकिटावरच ‘गोरे’ किंवा ‘गोरेतर’ असा शिक्का नशिबाने मिळतो आणि त्यानुसार दोन वेगवेगळ्या दारांतून आत जावे लागते. माझ्या पत्नीला आणि मला वेगवेगळी दारे मिळाली. जाळीच्या पिंजऱ्यांत टांगलेली ओळखपत्रे पाहत आम्ही समांतर चाललो, एकमेकांना दिसत होतो, पण भेटू शकत नव्हतो.

पुढे एका काचेच्या पेटीत पासबुक होते. पासबुक म्हटले की आपल्याला बँक आठवते. मात्र तिथल्या कृष्णवर्णीय माणसासाठी ही छोटी वही जवळ नसणे हा तुरुंगात जाण्याचा गुन्हा होता. आत छायाचित्र, राहण्याच्या परवानगीचे शिक्के, आणि मालकाच्या सहीचे रकाने. एकेका महिन्यासमोर एकाच हाताची सही होती, आणि एका ठिकाणी शाई पाण्याने पसरली होती. पाणी की घाम, हे कळण्याचा मार्ग नव्हता. मी त्या डागापाशी फार वेळ उभा राहिलो, कारण कानी आणि त्यांचे जोडीदार नट विन्स्टन एनत्शोना या दोघांची सारी कथा मला त्या रकान्यांतच दिसत होती.

पोर्ट एलिझाबेथच्या, म्हणजे आताच्या गेबेऱ्हाच्या, न्यू ब्रायटन वस्तीतील हे दोन तरुण कारखान्यात राबत होते आणि उरलेल्या वेळात गोरे नाटककार अॅथॉल फुगार्ड यांच्यासोबत नाटके बसवत होते. नोकरी सोडून पूर्णवेळ नट व्हायचे ठरले, तेव्हा कायद्यात कृष्णवर्णीयासाठी ‘नट’ असा व्यवसायच नव्हता. म्हणून त्यांची नोंद फुगार्ड यांचे घरगुती नोकर म्हणून झाली. अशा दोन ‘नोकरां’नी 1972 मध्ये केपटाउनच्या स्पेस थिएटरमध्ये ‘सिझ्वे बान्झी इज डेड’ उभे केले, आणि त्या नाटकाचा विषयच पासबुक होता : मेलेल्या माणसाचे पासबुक घेऊन, स्वतःचे नाव पुसून जगायचे ठरवणारा माणूस. पुढच्या वर्षी रॉबेन बेटावरच्या तुरुंगातील राजकीय कैद्यांचे ‘द आयलंड’ आले. 1975 मध्ये या दोन नाटकांसाठी दोघांना मिळून अमेरिकेतला टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला. अमेरिकेतून परतल्यावर पोलिसांच्या मारहाणीत कानी यांचा डावा डोळा गेला. त्यानंतर पडद्यावर आपण त्यांना जिथे जिथे पाहिले, तिथे एक डोळा काचेचा आहे.

संध्याकाळी न्यूटाउनला जाऊ नका, असे आमच्या हॉटेलात तीन जणांनी बजावले होते. मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. चालत सहज जाता येईल एवढ्या अंतरासाठी मी टॅक्सी केली. पोहोचल्यावर मात्र फाटकापाशी कॉफी पीत गप्पा मारणारी मुले-मुली पाहून पुण्यातल्या कुठल्याही प्रयोगापूर्वीच्या गर्दीत आल्यासारखे वाटले. ही मूळची इंडियन फ्रूट मार्केटची इमारत, म्हणजे आपल्या भाषेत मंडईच. बार्नी सायमन आणि मॅनी मॅनिम यांनी 1976 मध्ये, सोवेटोतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या उठावाच्या त्याच जून महिन्यात, तिथे नाट्यगृह सुरू केले आणि वर्णभेदाच्या काळातही सर्व वर्णांच्या माणसांना एकत्र बसवले. तिथल्या मुख्य नाट्यगृहाला आज जॉन कानी यांचे नाव आहे. दारावरची ती अक्षरे वाचताना मला पेटीतले ते रकाने आठवले आणि घसा दाटून आला.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर बाई होत्या. कानींसाठी आलो आहे असे सांगताच त्यांनी आपल्या पिशवीतली संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली आणि हळू आवाजात सांगितले की 1987 मध्ये त्यांनी याच ठिकाणी कानींचा ऑथेल्लो पाहिला होता. जॅनेट सुझमन यांनी बसवलेल्या त्या प्रयोगात कृष्णवर्णीय नटाने गोऱ्या डेस्डेमोनाचे चुंबन घेणे ही या देशात केवढी गोष्ट होती, हे मी वाचले होते. मी विचारले, ‘‘तेव्हा तुम्हाला काय वाटले?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी आईचा हात इतका घट्ट धरला होता, की घरी गेल्यावर तिने मला नखांचे वळ दाखवले.’’ मग त्यांनी डावीकडच्या रांगेतल्या दोन खुर्च्यांकडे बोट केले. तिथे एक तरुण जोडपे बसत होते. तेवढ्यात दिवे मंदावले.