पोटातल्या पाण्यात पेशी निघाल्या तेव्हा

पाळी जाऊन सात-आठ वर्षं झालेल्या मावशी, वजन जास्त, शुगर आणि बीपी दोन्ही, अधूनमधून अंगावर लाल जायचं ते 'उष्णतेमुळे असेल' म्हणत दोन-तीन महिने काढले आणि मग आल्या. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर 11 मिमी, पाळी गेल्यावर ब्लीडिंग आणि अस्तर 4 मिमीच्या वर म्हणजे कॅन्सर तर नाही ना हे आम्ही तपासतोच. ओपीडीतच पायपेल बायोप्सी (बारीक नळीने अस्तराचा नमुना ओढून घेणं) केली तर रिपोर्ट आला 'टिश्यू अपुरा', म्हटलं आता हिस्टेरोस्कोपी करू, दुर्बिणीतून बघून नेमका तुकडा घेऊ.

मुलगा वाचून आला होता. "मॅडम, पिशवीत पाणी सोडलं की कॅन्सर नळ्यांतून पोटात जातो म्हणे, त्यापेक्षा सरळ क्युरेटिंग करा ना." प्रश्न रास्तच होता (पेशंटचे लोक गूगल करून आले की आमच्यातले बरेच जण चिडतात, मला नाही पटत ते). त्याला म्हटलं, पेशी जाऊ शकतात हे खरंय, दुर्बिणीनंतर पोटातल्या पाण्यात त्या जरा जास्त वेळा सापडतात, पण सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये त्यामुळे पेशंट कमी जगतात असं काही आजवर दिसलेलं नाही, आणि क्युरेटिंग म्हणजे न बघता खरवडणं, कोपऱ्यातली गाठ सहज निसटू शकते.

पेशी नळ्यांतून पुढे ढकलल्या जाऊ नयेत म्हणून सलाईनचं प्रेशर कमी, 60 मिमी पाऱ्याच्या आसपासच ठेवलं. डाव्या नळीच्या तोंडाशी पांढुरका झुपका, त्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या, बाकी अस्तर पातळ. तुकडे घेतले आणि लगेच बाहेर. रिपोर्ट, एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, म्हणजे अस्तराचा कॅन्सर, ग्रेड 1, कमी आक्रमक.

पुढे पिशवी काढताना ऑन्कोसर्जननी पोटातलं पाणी तपासायला पाठवलं आणि त्यात कॅन्सरच्या पेशी! माझ्या पोटात गोळाच आला. पिशवीचा रिपोर्ट मात्र स्टेज 1ए, म्हणजे अगदी सुरुवातीचा, पिशवीच्या स्नायूत जेमतेम शिरलेला.

मुलगा कागद घेऊन हजर, "हे तेच ना मॅडम?"

म्हटलं असू शकेल, दुर्बिणीने गेल्या की आधीपासूनच होत्या हे आता कुणालाच सांगता येणार नाही. 1988 च्या स्टेजिंगनुसार एवढ्यावरून मावशी थेट 3ए या पुढच्या स्टेजमध्ये गेल्या असत्या, 2009 मध्ये फिगोने (स्टेज ठरवणारी स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) ते काढून टाकलं, आता पेशींची नोंद वेगळी करतात पण स्टेज बदलत नाही. ट्यूमर बोर्डनेही (कॅन्सरच्या वेगवेगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक) किमो नको, रेडिएशन नको, फॉलोअप ठेवा असंच सांगितलं होतं. तो गप्पच, चेहऱ्यावरून पटलेलं वाटेना. मावशीच वैतागल्या, "अरे त्यांनी आधीच सांगितलेलं ना, आता पुढची तारीख विचार."

तीन महिन्यांनी बोलावलंय.